जुनं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर: भजनी मंडळं आणि गावच्या छोट्या स्टुडिओंसाठी

कूल एडिट प्रो २.१, ऑडिशन १.५ किंवा ३, क्यूबेस एसएक्स, नुएन्डो. कोकणात घरच्या खोलीत थाटलेल्या स्टुडिओंची सुरुवात बहुधा यातल्याच कशावर तरी झाली. हात त्यावर बसला, शॉर्टकट बोटांत भिनले, आणि पंधरा-वीस वर्षांचं काम त्याच फायलींत साठलं. मग एखाद्या पावसाळ्यात विंडोज एक्सपीवाला जुना डबा बसतो, नवा लॅपटॉप येतो, आणि गणपती तोंडावर असताना कळतं की यावर काहीच चालत नाही.

'काहीच चालत नाही' हे मात्र खरं नसतं. सॉफ्टवेअर स्वतः बहुतेक वेळा चालतं. अडतं ते ड्रायव्हरवर (विंडोज आणि यंत्र यांना जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर), लायसन्सवर आणि फायलींच्या पत्त्यांवर. या तीन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या तर काम एका दिवसाचं आहे. एकत्र गुंता केला तर आठवडा जातो आणि शेवटी दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. इथे सगळं विंडोज १० आणि ११ धरून सांगितलं आहे.

आधी जुना डबा, मग नवा

नव्या मशीनवर काहीही टाकण्याआधी जुन्यातलं काम बाहेर काढा. जुना कॉम्प्युटर चालू होत असेल तर ही संधी आहे, आणि ती फार दिवस राहणार नाही.

वर्षभर बंद असलेला डबा थेट प्लगला लावू नका. झाकण काढा, धूळ ब्रशने झाडा, आत पालीची अंडी किंवा मुंग्यांचं वारूळ आहे का ते बघा. किनाऱ्याच्या गावांत खाऱ्या हवेने रॅमच्या आणि कार्डांच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट-काळपट थर चढतो. रॅम काढून त्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा आणि पूर्ण सुकल्यावर परत बसवा. 'डबा मेला' म्हणून सोडून दिलेली मशीनं नुसत्या एवढ्याने उठू शकतात.

मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, हमखास उतरलेला असतो. तो आधीच बदला. सेल उतरला की बायोसच्या (विंडोजआधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग मूळ पदावर जातात, आणि त्यात एक घोळ लपलेला आहे: हार्ड डिस्कचा मोड आयडीईवरून एएचसीआयवर गेला असेल तर एक्सपी सुरू होता होता निळ्या पडद्यावर थांबते. पडद्यावरच्या कोडच्या शेवटी ७बी दिसलं तर डिस्क गेली असं समजू नका. बायोसमध्ये जाऊन साटा मोड पुन्हा आयडीई करा. तारीखही नीट लावा, कारण २००१ साल दाखवणाऱ्या मशीनवर काही लायसन्स उघडतच नाहीत.

डबा उठलाच नाही तर डिस्क काढून यूएसबी अ‍ॅडॅप्टरने नव्या कॉम्प्युटरला जोडा. चपट्या, रुंद पट्ट्याची केबल असलेली डिस्क आयडीई प्रकारची. तिला ज्याच्याबरोबर १२ व्होल्टचा वेगळा पॉवर अ‍ॅडॅप्टर येतो असाच अ‍ॅडॅप्टर लागतो. नुसत्या यूएसबीच्या विजेवर साडेतीन इंची डिस्क फिरत नाही. मागचा जंपर मास्टरवर ठेवा. जुन्या डिस्कवरून थेट काम करू नका, सगळं आधी कॉपी करा.

आता मुख्य काम. सेशन फायलीत आवाज नसतो. कोणता तुकडा कोणत्या ट्रॅकवर, किती मिनिटाला, किती जोरात, एवढीच टिपणं तिच्यात असतात. आवाज वेगळ्या वेव्ह फायलींत असतो. नुसती सेशन फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आलात तर हातात रिकामा सांगाडा येईल. म्हणून पूर्ण फोल्डर घ्या. आणि जुनं सॉफ्टवेअर अजून उघडत असेल तर प्रत्येक महत्त्वाच्या गाण्यासाठी हेही करा:

१. प्रत्येक ट्रॅकच्या अगदी सुरुवातीला, शून्यावर, अर्ध्या सेकंदाचा एक 'टिक' आवाज ठेवा. सगळ्या ट्रॅकवर तोच.

२. एकेक ट्रॅक सोलो करून मिक्सडाउन करा, म्हणजे त्याची सुटी फाइल काढा. पखवाज वेगळा, पेटी वेगळी, झांज-चकी वेगळी, बुवांचा आवाज वेगळा, कोरस वेगळा.

३. २४ किंवा १६ बिटच्या साध्या पीसीएम वेव्हमध्ये सेव्ह करा. कूल एडिटच्या ३२ बिट प्रकारांपैकी एक जुना प्रकार दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की नुसता फाटलेला गोंगाट ऐकू येतो. फाइल खराब झाली असं वाटतं, पण ती खराब नसते, वाचणारा चुकीचं वाचत असतो.

४. इफेक्ट लावलेला आणि न लावलेला, दोन्ही काढा. पंधरा वर्षांपूर्वीचा रिव्हर्ब आज नको वाटू शकतो.

टिक ठेवल्याने फायदा असा की उद्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये फायली टाकल्या तरी सगळे टिक एका रेषेत आणले की गाणं तालात बसतं. सेशन फाइल उघडो न उघडो, गाणं वाचलं.

जागेचा हिशोब सोपा आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे तासाला ६०० एमबीच्या आसपास. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. रात्रभरच्या दशावताराचं किंवा डबलबारीचं (दोन बुवांच्या भजनी सामन्याचं) एकसलग रेकॉर्डिंग इथेच अडतं. काही जुनी सॉफ्टवेअर तर २ जीबीलाच हात टेकतात, म्हणजे सव्वातीन-साडेतीन तासांच्या मध्ये कुठेतरी. पुढे असं लांब रेकॉर्डिंग करायचं असेल तर दर दोन तासांनी फाइल बदला.

नवं मशीन घेताना बघायच्या गोष्टी

दुकानात रॅम आणि एसएसडी विचारली जाते, खरी अडचण दुसरीकडे असते. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप रेकॉर्डिंगसाठी घेऊ नका. त्यावर जुने प्रोग्राम नक्कल-थरातून चालतात, पण ड्रायव्हरला ती सोय नाही. इंटरफेसच्या (माइक-वाद्यं कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राच्या) कंपनीने त्या प्रोसेसरसाठी वेगळा ड्रायव्हर काढला नसेल तर इंटरफेस नीट चालणार नाही. इंटेल किंवा एएमडी घ्या.

लॅपटॉप 'एस मोड'मध्ये आला असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीही बसत नाही. सेटिंग्जमधल्या ऍक्टिव्हेशनच्या पानावरून एस मोड फुकट काढता येतो. परत लावता येत नाही, पण परत लावायची गरजही पडत नाही. विंडोज ११ मध्ये 'स्मार्ट ऍप कंट्रोल' चालू असेल तर तेही सही नसलेले जुने प्रोग्राम अडवतं.

जुनं पीसीआय साउंड कार्ड वाचवायचा विचार असेल तर सोडून द्या. नव्या मदरबोर्डवर तो लांब पांढरा स्लॉट बहुधा नसतोच, आणि अ‍ॅडॅप्टर लावून बसवलं तरी ६४ बिट विंडोजसाठी ड्रायव्हर सापडेलच असं नाही. फायरवायर इंटरफेसची गोष्टही त्याच वाटेवर आहे. साधा दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस घेतलात तर पुढची निम्मी डोकेदुखी टळते.

इन्स्टॉल करणं

विंडोज युजरचं नाव आधी बघा. नवा लॅपटॉप मुलांनी किंवा दुकानदाराने हौसेने 'श्री गणेश' असं देवनागरीत नाव देऊन सुरू केलेला असतो. जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्या लिहायची आजची पद्धत, कळत नाही. त्याला पत्त्यात देवनागरी अक्षर दिसलं की तिथे प्रश्नचिन्हं दिसतात आणि ते तात्पुरत्या फायली लिहूच शकत नाही. मग 'टेम्प फाइल तयार होत नाही' किंवा काहीच न बोलता बंद. विंडोजमध्ये बिगर-युनिकोड प्रोग्रामसाठी भाषा बदलायची सोय आहे, पण तिचा इथे उपयोग नाही. देवनागरीसाठी तसलं जुनं कोडपेजच (अक्षरांचा तक्ता) अस्तित्वात नाही. इलाज एकच: रोमन अक्षरांतलं, मोकळी जागा नसलेलं नवं युजर खातं. नुसतं नाव बदलून भागत नाही, आतल्या फोल्डरचं नाव जुनंच राहतं. गाण्यांच्या फायलींचंही तेच. 'गजर १' नावाची फाइल जुन्या कूल एडिटमध्ये उघडणार नाही, रोमन अक्षरांत नाव द्या.

मग असं करा:

१. इन्स्टॉलरची फाइल सीडीवरून डिस्कवर कॉपी करा आणि तिथून चालवा.

२. 'हे ऍप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' असा संदेश आला तर इन्स्टॉलर १६ बिटचा असण्याची शक्यता मोठी. नव्वदीच्या दशकातल्या बऱ्याच ३२ बिट प्रोग्रामना १६ बिटचे इन्स्टॉलर होते. ६४ बिट विंडोज १६ बिट काहीच चालवत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटच येते. कम्पॅटिबिलिटी मोड (प्रोग्रामला जुनी विंडोज असल्याचं भासवणारी सोय) इथे कामाचा नाही. जुन्या मशीनवरचा बसवलेला फोल्डर उचलून आणून चालतो का बघा. साधे प्रोग्राम चालून जातात, रजिस्ट्रीवर अवलंबून असलेले नाहीत.

३. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसवू नका. सी ड्राइव्हवर 'ऑडिओ' नावाचा फोल्डर रोमन अक्षरांत करा आणि तिथे बसवा. एक्सपीच्या काळात प्रोग्राम आपल्याच फोल्डरमध्ये सेटिंग लिहीत. आता विंडोज ते लिखाण गुपचूप युजरच्या खात्यातल्या 'व्हर्च्युअल स्टोअर' फोल्डरकडे वळवते. परिणाम असा की एका खात्यात केलेली सेटिंग दुसऱ्यात दिसत नाही, आणि प्रीसेट कुठे गेले ते कळत नाही.

४. पहिल्यांदा कोणताही मोड न लावता, साधंच चालवून बघा. चाललं तर हात लावू नका. अडलं तरच शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. आधी विंडोज ७, मग एक्सपी सर्व्हिस पॅक ३. 'ऍडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' ही खूण सगळ्यात शेवटी. ती लावली की एक्सप्लोररमधून फाइल ओढून प्रोग्राममध्ये टाकता येत नाही, आणि बघणारा तासभर माउसला दोष देत बसतो.

५. अक्षरं मुंगीएवढी किंवा धुरकट दिसत असतील तर त्याच पानावर 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'मध्ये जाऊन ओव्हरराइडला खूण करा आणि 'सिस्टीम' किंवा 'सिस्टीम एन्हान्स्ड' निवडा.

६. प्रोग्राम उघडल्यावर पहिलं काम टेम्प फोल्डरचा पत्ता बदलणं. डिस्कवर मोकळी जागा असलेला, छोट्या रोमन नावाचा फोल्डर द्या. डॉक्युमेंट्स फोल्डर वापरू नका. विंडोज ११ तो बऱ्याचदा वनड्राइव्हशी जोडते आणि रेकॉर्डिंग चालू असतानाच फायली वर चढवायला लागते. घरचं नेट आधीच यथातथा असतं.

एफ१ दाबून मदत उघडत नसेल तर ते तसंच राहू द्या. जुन्या मदत-फायली वाचणारा भाग विंडोजमधून काढून टाकला आहे.

जुनी सेशन उघडताना

सेशनमध्ये वेव्ह फायलींचा पूर्ण पत्ता लिहिलेला असू शकतो: डी ड्राइव्ह, त्यात अमुक फोल्डर. नव्या लॅपटॉपला सी ड्राइव्ह एकच असतो, म्हणून उघडताना 'फाइल सापडत नाही' अशी पन्नास वेळा विचारणा होते. एकेक फाइल शोधून देण्यात रात्र घालवू नका. डिस्क मॅनेजमेंटमधून वेगळं पार्टिशन करून त्याला डी अक्षर द्या आणि जुना फोल्डर त्याच नावाने तिथे ठेवा. पार्टिशन करायचं नसेल तर कमांड प्रॉम्प्टमधली 'सबस्ट' आज्ञा एखाद्या फोल्डरलाच ड्राइव्हचं अक्षर देते. ती दर वेळी लॅपटॉप सुरू केल्यावर पुन्हा द्यावी लागते. मात्र साध्या खिडकीतून दिलेली सबस्ट ऍडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला दिसत नाही. इन्स्टॉल करतानाच्या चौथ्या पायरीत ती खूण शेवटी का ठेवली, त्याचं हे दुसरं कारण.

कूल एडिटची कंपनी सिन्ट्रिलियम. २००३ मध्ये अडोबीने ते सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि ऑडिशन नावाने पुढे आणलं. त्यामुळे कूल एडिट प्रोची सेशन ऑडिशन ३ पर्यंत सरळ जाते. त्यानंतर २०११ साली आलेल्या सीएस५.५ पासून ऑडिशन नव्याने लिहिलं गेलं आणि जुनी सेशन ओळखणं थांबलं. मधला पूल ऑडिशन ३ च आहे: तिथे सेशन उघडायची, एक्सएमएल म्हणून सेव्ह करायची, आणि ती एक्सएमएल नव्या ऑडिशनमध्ये उघडायची. तुकड्यांच्या जागा येतात. इफेक्ट येतीलच असं धरून चालू नका.

ऑडासिटीवाल्यांचं सोपं आहे. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० पासून प्रोजेक्ट एकाच फाइलमध्ये राहतं. जुनं प्रोजेक्ट उघडलं की ते नव्या प्रकारात बदलून घेतं. मात्र जुन्या प्रोजेक्टच्या शेजारी 'डेटा'ने संपणाऱ्या नावाचा फोल्डर असायलाच हवा, आणि त्यातल्या फायलींची नावं कुणी बदललेली नसावीत.

उघडलं, पण आवाज येत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. मीटर हलत नाही, किंवा रेकॉर्डिंग होतं पण सपाट रेषा येते. केबल बदलून होतात, माइक बदलून होतो. आधी हे बघा: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. तिथे 'डेस्कटॉप ऍप्सना मायक्रोफोन वापरू द्या' हा खटका असतो. तो बंद असेल तर विंडोज जुन्या प्रोग्रामला कसलीही चूक न दाखवता नुसती शांतता देते. प्रोग्रामला वाटतं माइक शांत आहे. यूएसबी इंटरफेसचा लाइन इनपुटसुद्धा विंडोजच्या लेखी मायक्रोफोनच असतो, म्हणून पेटीचा पिकअप लावलात तरी हाच खटका लागतो.

त्यानंतर साउंडची जुनी खिडकी उघडा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा आणि रोमन अक्षरांत 'एमएमएसवायएस डॉट सीपीएल' लिहा. नव्या सेटिंग्जच्या पानांत भटकण्यापेक्षा हे बरं. रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये तुमचा इंटरफेस निवडून प्रॉपर्टीज, ऍडव्हान्स्ड. इथला सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) सेशनच्या रेटशी जुळवा. जुनी सेशन ४४,१०० ची असतात, नवी यंत्रं बहुधा ४८,००० वर येतात. प्लेबॅकच्या टॅबमध्येही तोच रेट लावा.

हा रेट चुकला की काय होतं ते गाणाऱ्याला लगेच कळतं. ४४,१०० ला केलेलं रेकॉर्डिंग ४८,००० च्या वेगाने वाजलं तर सूर साधारण दीड अर्धस्वर चढतो, लयही तेवढीच पळते. काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकतो. कोणत्याच पट्टीत पेटी जुळत नाही. उलट झालं तर बुवांचा आवाज जड, झोपाळू येतो. पेटी बेसूर झाली म्हणून पेटीवाल्याकडे नेण्याआधी हा आकडा बघा. एकदा चुकीच्या रेटने सेव्ह केलेली फाइलही दुरुस्त होते: सॅम्पल तेच ठेवून फक्त रेटचं लेबल बदलणारी आज्ञा वापरा. कूल एडिट आणि ऑडिशनच्या जुन्या आवृत्त्यांत तिचं नाव 'ऍडजस्ट सॅम्पल रेट'. 'कन्व्हर्ट' वापरलंत तर चूक कायमची शिजते.

त्याच खिडकीत एन्हान्समेंट्स पूर्ण बंद करा. लॅपटॉपमधली आवाज-सफाई बोलण्यासाठी बनवलेली असते. सतत चालणारा सूर तिला पंख्याचा आवाज वाटतो. तंबोरा किंवा पेटीचा धरलेला षड्ज दोन-तीन सेकंदांत विरत जात असेल तर दोषी हीच.

जुन्या प्रोग्राममध्ये इंटरफेसचं नाव अर्धवट तुटलेलं दिसेल. जुन्या पद्धतीत नावाला ३१ अक्षरांचीच जागा आहे, त्यात बिघाड काही नाही. आठ इनपुटचा इंटरफेस चार स्टिरिओ जोड्यांसारखा दिसू शकतो, तेही ठीक.

ड्रायव्हर, एएसआयओ आणि उशीर

६४ बिट विंडोजला ६४ बिटचा, सही असलेला ड्रायव्हर लागतो. एक्सपीच्या सीडीतला ड्रायव्हर कोणत्याही मोडने चालणार नाही, कारण कम्पॅटिबिलिटी मोड प्रोग्रामसाठी आहे. इंटरफेसच्या कंपनीच्या साइटवरचा सगळ्यात नवा ड्रायव्हर घ्या. विंडोज ७ किंवा ८ साठीचा ड्रायव्हर विंडोज ११ वर बसतो की नाही ते करून बघावं लागतं. 'हा ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही' असं आलं तर विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथलं 'मेमरी इंटिग्रिटी' आड येत असेल. ते बंद करता येतं, पण नेट आणि बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर होत असतील तर बंद करू नये. नवा इंटरफेस स्वस्त पडतो.

एएसआयओ म्हणजे प्रोग्राम आणि इंटरफेस यांना कमी उशिराने जोडणारी ड्रायव्हरची पद्धत. कूल एडिट प्रोला ती कळत नाही. ऑडिशनमध्ये ती २.० पासून आली. क्यूबेस-नुएन्डोवाल्यांना कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर सापडला नाही तर एएसआयओफोरऑल वापरून भागतं. तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला थर आहे. तो चालू असताना यूट्यूब किंवा दुसरा प्लेअर उघडा ठेवलात तर यंत्र त्यांच्यात अडकून पडतं.

बफर (आवाज पुढे देण्याआधी साठवायचा तुकडा) २५६ सॅम्पल ठेवला तर ४४,१०० ला सुमारे ६ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ ला साडेअकरा, १०२४ ला २३. येण्या-जाण्याचा मिळून याच्या दुपटीहून जास्त. पखवाजवाल्याला हेडफोनमध्ये २० च्या पुढे उशीर झाला की हात अडखळतो. म्हणून गाताना-वाजवताना इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं (आवाज कॉम्प्युटरमधून न फिरवता थेट हेडफोनला देणारं) बटण वापरा, आणि बफर ५१२ वर निवांत ठेवा. टक-टक आवाज येत असेल तर पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर न्या, वायफाय बंद करा, इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. ब्लूटूथ हेडफोनवर रेकॉर्डिंग करू नये, एवढं सांगून पुरे.

प्लगइनचं (प्रोग्रामला जोडायच्या इफेक्टचं) थोडक्यात: ३२ बिट प्रोग्रामला ३२ बिट प्लगइन, ६४ ला ६४. जुने लाडके ३२ बिट व्हीएसटी प्लगइन ६४ बिटमध्ये वापरायचे असतील तर रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये पूल अंगचाच आहे. डायरेक्टएक्स प्लगइन हाताने नोंदवताना 'सिसवाव६४' फोल्डरमधला रेगएसव्हीआर३२ वापरा. नावाने फसू नका, ३२ बिटची साधनं त्याच फोल्डरमध्ये असतात.

लायसन्स आणि डाँगल

क्यूबेस एसएक्स आणि नुएन्डोच्या जुन्या आवृत्त्या यूएसबी डाँगलवर, म्हणजे लायसन्स साठवलेल्या पेन ड्राइव्हसारख्या चावीवर, चालतात. ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टाइनबर्गची, ही लायसन्स सांभाळणारी ईलायसेन्सर सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. डाँगलवर आधीच असलेलं लायसन्स त्यावर राहतं, पण नवं सक्रिय करणं किंवा हरवलेलं परत मिळवणं आता होत नाही. म्हणजे तो डाँगल हेच तुमचं सॉफ्टवेअर. पोरांच्या हाती लागू देऊ नका, सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नेटवरून सक्रिय होणाऱ्या जुन्या आवृत्त्यांचे सर्व्हरही बऱ्याच ठिकाणी बंद आहेत. अशा वेळी जुनं मशीन आहे तसं जिवंत ठेवणं हाच मार्ग उरतो.

आणि स्पष्टच सांगायचं तर गावोगाव फिरणाऱ्या सीडींमधला 'क्रॅक' नव्या लॅपटॉपवर चालवू नका. विंडोजचा व्हायरस-रक्षक डिफेंडर तो उचलून बाजूला ठेवतो, मग लोक डिफेंडरच बंद करतात, आणि मग महिन्याभरात सगळ्या फायली कुलूपबंद. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं आणि नंतरचं लायसन्स छोट्या स्टुडिओला परवडण्यासारखं आहे. ऑडासिटी फुकट आहे.

काहीच जमलं नाही तर

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक्सपी बसवून त्यात जुनं सॉफ्टवेअर चालवता येतं. सेशन उघडायची, ट्रॅक सुटे करून बाहेर काढायचे, एवढ्यासाठी ते उत्तम. १ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क पुरे. शेअर्ड फोल्डरने फायली आत-बाहेर करा, आतल्या एक्सपीला नेट देऊ नका. थेट रेकॉर्डिंग मात्र त्यात करू नका, आवाज तुटतो आणि उशीर हाताबाहेर जातो.

खरं तर सगळ्यात सुटसुटीत व्यवस्था अशी: नवं रेकॉर्डिंग रीपरमध्ये इंटरफेसच्या स्वतःच्या एएसआयओवर, आणि कूल एडिट फक्त हात बसलेल्या कामांसाठी, म्हणजे कापाकापी, गुणगुण काढणं, फेड. वेव्ह फाइल दोघांनाही कळते. जुन्या सॉफ्टवेअरकडून आठ ट्रॅकचं थेट रेकॉर्डिंग करून घेण्याचा हट्ट सोडला की भांडण संपतं.

गुणगुण, वीज आणि अपडेट

नव्या लॅपटॉपवर ५० हर्ट्झची गुणगुण आली की सॉफ्टवेअरवर संशय जातो. चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गुणगुण गेली तर दोष बहुधा अर्थिंगचा. कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो आणि जमीन करंट घेईनाशी होते. खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून गुणगुण घालवण्याची युक्ती जीवघेणी आहे, माइक गाणाऱ्याच्या ओठांशी असतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंटरफेस, स्पीकर आणि नेटची केबल तिन्ही काढून ठेवा.

सगळं मनासारखं चालू लागलं की डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ड्रायव्हरचा इन्स्टॉलर तिथेच ठेवा. गणपतीच्या हंगामात विंडोज अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, सेटिंग्जमध्ये 'पॉज अपडेट्स'. अपडेट झालंच तर मंडळ येण्याआधी तीन ठिकाणं बघा: मायक्रोफोनचा तो खटका, सॅम्पल रेट, आणि एन्हान्समेंट्स. मोठ्या अपडेटनंतर ही तिन्ही आपोआप पहिल्यासारखी झालेली सापडू शकतात.